चुकीच्या प्रश्नाला उत्तर नाही

आमच्या घरात इंग्रजी प्रश्न चुकीचा विचारला तर उत्तर मिळत नसे. नियम बाबांचा. त्यांनी पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि उरलेला सगळा वेळ माझ्यावर खर्च केला. सातव्या वर्षी मी त्यांच्याकडे इंग्रजीत पाणी मागितलं, तेव्हा क्रियापद भलत्याच जागी पडलं. बाबांनी पेपर उघडला. वाक्य सुधारायला मला अर्धा तास लागला, मग त्यांनी स्वतः उठून पाणी आणून दिलं. ते पाणी मी प्याले, पण बाबांना अजून माफ केलेलं नाही.

आईला या नियमाचा त्रास नव्हता, कारण ती इंग्रजी बोलायच्या भानगडीतच पडली नाही.

गेल्या महिन्यात बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. अकराव्या दिवशी त्यांना घरी सोडायचं की पुनर्वसन केंद्रात पाठवायचं, हे ठरवायला डॉक्टर आले. केंद्र शहराबाहेर होतं आणि तिथे आठवड्यातून दोनदाच भेटू देत. आईने सकाळीच बाबांचे घरचे कपडे पिशवीत भरून आणले होते.

डॉक्टर तरुण होते, सज्जन होते आणि त्यांना आमची भाषा येत नव्हती. त्यामुळे तपासणी इंग्रजीत सुरू झाली.

“युवर नेम इज व्हॉट?”

बाबा खिडकीबाहेर बघू लागले.

“यू आर हॅविंग पेन?”

बाबांनी डाव्या हाताने पांघरुणाची कड सरळ केली.

“टुडे विच डे इज?”

बाबांनी डोळे मिटले. ते मिटणं माझ्या ओळखीचं होतं. माझे निबंध वाचताना ते अधूनमधून असेच डोळे मिटून बसत.

डॉक्टरांनी कागदावर तीन फुल्या मारल्या. आता तोंड उघडणं भागच होतं. बाबांना सगळं कळतंय, फक्त प्रश्न जरा नीट विचारा, असं मी शक्य तितक्या नम्रपणे इंग्रजीत सांगितलं.

“म्हणजे पेशंट माझं व्याकरण तपासतायत?” डॉक्टरांनी विचारलं.

“हो.”

त्यांनी तेही लिहून घेतलं. बहुतेक माझ्याबद्दल. मग मी विचारून बघते म्हटलं, तर मी बाबांना उत्तर सुचवेन या शंकेने त्यांनी मला मागे उभं केलं आणि आईला खूण केली. उत्तर आपल्याला कळायला हवं, म्हणून प्रश्न इंग्रजीतच विचारायचा, अशी अट घातली.

आईने पिशवी खाली ठेवली. वर्षानुवर्षं स्वयंपाकघरातून आमच्या शिकवण्या ऐकल्या होत्या, तेवढीच तिची पुंजी. ती बाबांच्या उशाशी वाकली.

“यू कमिंग होम?”

संपलं सगळं, असं मला वाटलं. बाबांनी डोळे उघडले आणि तिच्याकडे बघितलं.

“यस,” ते जड जिभेने म्हणाले. “आय कमिंग.”

डॉक्टर खूश झाले. उत्तर सुसंगत आहे, घरी न्या, म्हणाले आणि त्यांनी सही केली. पण बाबा चुकले होते. माझ्या उभ्या आयुष्यात ते इंग्रजीत कधी चुकले नव्हते. डोक्यातलं काहीतरी कायमचं गेलं असणार, आणि हे त्या खोलीत फक्त मला कळलं होतं. सांगितलं असतं तर सही खोडली गेली असती. मी पिशवी उचलली.

घरी आल्यावर बाबांना त्यांच्या खुर्चीत बसवलं. मी भरलेलं भांडं घेऊन समोर उभी राहिले.

“बाबा, यू वॉन्टिंग वॉटर?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग डाव्या हाताने पेपर ओढला आणि मांडीवर उघडला.

म्हणजे काहीही गेलं नव्हतं. दवाखान्यात आई एकटी चुकू नये, म्हणून ते तिच्याबरोबर चुकले होते. मला रडू फुटलं. रागही आला, कारण मी सात वर्षांची होते तेव्हा माझ्याबरोबर कोणीही चुकलं नव्हतं.

“अगं, उभी काय राहिलीस?” आई आतून म्हणाली. “त्यांना पाणी दे की.”

“देते,” मी म्हणाले. “थोडा वेळ थांब.”