डाव्या कोपऱ्यातलं चॉकलेट

मित्रांनो, मी एक जुना चॉकलेटचा डबा आहे. वय विचारू नका. थोडक्यातच सांगतो, कारण फार वेळ झाकण उघडं ठेवलं की माझी शिवण उसवते आणि मग ती कुणी शिवत नाही.

माझा जन्म लियाँ शहरातल्या एका कारखान्यात झाला. पुठ्ठ्याचं अंग, वर निळा कागद, कडेला सोनेरी पट्टी, आत गुलाबी रेशीम. झाकणावर तळं आणि तळ्यात एक राजहंस. हंस रंगवणाऱ्या बाईला त्या दिवशी सर्दी झाली होती. ऐन वेळी शिंक आली आणि हंसाची मान वाकडी झाली. तेव्हापासून तो काहीतरी हरवल्यासारखा पाण्यात बघत असतो. लोक म्हणतात, "काय भाव आहेत चेहऱ्यावर!" मी गप्प बसतो.

तिथून मी बायॉन गावी आलो, कमानींखालच्या कुर्ताद यांच्या दुकानात. म्हातारे कुर्ताद चॉकलेटं हातानं करायचे. एकेक गोळी काट्यावर धरून पातळ चॉकलेटात बुडवायची, संगमरवरी फरशीवर ठेवायची आणि ओली असतानाच त्याच काट्यानं तिच्या पाठीवर खूण करायची. आत काय भरलंय ते बाहेरून दिसत नाही ना! संत्र्याच्या सालीचं असेल तर नागमोडी रेघ, बदामाचं असेल तर एक सरळ रेघ. कॉफीचं, कडू, असेल तर दोन रेघा आणि टोकाशी ठिपका.

मला विकत घेतलं आन्सेल्मनं. तो रेल्वेत सिग्नल सांभाळायचा. क्लेमाँसला मागणी घालायला जाताना रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून त्यानं मला नेलं. ती हो म्हणाली. श्रेय हंसाला मिळालं.

आमच्याकडे चांगला डबा टाकून देत नाहीत. वर्ष सरत आलं की तो दुकानात परत न्यायचा आणि भरून आणायचा. आन्सेल्मनं मला तीस-पस्तीस वर्षं असं नेलं-आणलं. दरवेळी अठरा चॉकलेटं. वाटपही तोच करायचा. "ओदेत, हे तुझं संत्र्याचं. युगेत, हे तुझं बदामाचं. क्लेमाँस, तुझी दोन." मुलींना खुणा कधी शिकाव्याच लागल्या नाहीत; बाप हातात ठेवायचा, त्या तोंडात टाकायच्या.

"आणि तुम्हाला, पापा?"

"मला नको. मला गोड सोसत नाही."

सगळं घर हे खरं मानून चाललं होतं. मी सोडून. कारण पंधरवड्यानं सगळ्यांची चॉकलेटं संपली आणि बायका भांडी घासायला गेल्या की हा गृहस्थ हळूच झाकण उघडायचा, डाव्या कोपऱ्यात उरलेलं एक उचलायचा आणि खिडकीशी पाठमोरा उभा राहून खायचा. दोन रेघा आणि ठिपका. मग मिशा पुसायचा. मी काय करणार? डब्याला साक्षीला कोण बोलावतं?

क्लेमाँस आधी गेली. मग एका जानेवारीत, पंधरवडा भरायच्या आत, आन्सेल्मही गेला. डाव्या कोपऱ्यातलं चॉकलेट तसंच राहिलं.

आता आमच्याकडची आणखी एक रीत सांगतो. ताटातला शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. उचलला तर माणूस हावरट ठरतो. ओदेतचा नवरा वारला होता, युगेतनं लग्न केलं नव्हतं. दोघी बापाच्याच घरात राहत होत्या. महिनाभरानं त्यांनी मला उघडलं.

"तू घे, युगेत. तुझं बदामाचं असेल."

"छे, संत्र्याचं दिसतंय. तुझंच. घे तू."

"अगं, घे म्हणते ना!"

"तू मोठी. तू घे."

पहिल्या वर्षी हे प्रेमानं चाललं. दुसऱ्या वर्षी दातओठ खाऊन. तिसऱ्या वर्षी ओदेत म्हणाली, "लहानपणापासून तुला त्यागाची हौस. सगळ्यांनी बघावी म्हणून!" युगेत म्हणाली, "आणि तुला हुकूम सोडायची!" झाकण बंद झालं आणि मी कपाटावर गेलो. त्यानंतर दोघी मीठ मागण्यापुरतंच बोलायच्या. अशी अकरा वर्षं गेली. चॉकलेटावर पांढरी बुरशीसारखी साय चढली, माझं रेशीम विटलं. हंस एकटाच ताजातवाना.

शेवटी ओदेतनं ठरवलं की ब्यारित्झला मुलाकडे कायमचं जायचं. सामानाची वाटणी झाली. घड्याळ हिला, आरसा तिला. माझी पाळी आली.

"डबा तू ने."

"नको. तू ने."

म्हणून मला गल्लीतल्या जुन्या सामानाच्या बाजारात मांडलं, फुटक्या दिव्याशेजारी. गळ्यात रेशमी रुमाल बांधलेला एक जुन्या वस्तूंचा व्यापारी आला. हंस बघून त्याचे डोळे ओले झाले. मग त्यानं झाकण उघडलं.

"हे काय? ही घाण टाकून द्या, मग घेतो."

त्यानं दोन बोटांत ते चॉकलेट धरलं. दोघी बहिणी एकदमच म्हणाल्या, "थांबा!" आणि एकमेकींकडे बघायचं टाळलं.

तेवढ्यात पलीकडून मायते आली. म्हाताऱ्या कुर्तादांची नात. आता दुकान तीच चालवते. तिनं ते चॉकलेट तळहातावर घेऊन उजेडात धरलं.

"दोन रेघा, ठिपका. आजोबांचा हात. कॉफीचं आहे हे."

"कॉफीचं?" युगेत म्हणाली. "आमच्याकडे कॉफीचं कोण खातं?"

"तुमचे पापा, मस्यू आन्सेल्म. आजोबा मुद्दाम डाव्या कोपऱ्यात ठेवायचे. दरवर्षी एकच. तुमचे पापा मागायचेही एकच."

"पापा चॉकलेट खातच नव्हते," ओदेत म्हणाली.

मायतेला वाटलं, आपण एका मेलेल्या माणसाची चहाडी केली.

ओदेत हंसाकडे बघत म्हणाली, "लबाड म्हातारा."

"आणि आपण," युगेत म्हणाली, "त्याच्या चॉकलेटावरून…"

ओदेतनं व्यापाऱ्याकडचा चाकू मागून घेतला आणि चॉकलेटाचे दोन तुकडे केले. दोघींनी एकाच वेळी तोंडात टाकले.

"कसं लागतंय?"

"साबणासारखं."

"मलाही. अजून आहे का?"

व्यापारी म्हणाला, "मग डबा बांधून देताय ना?"

"डबा विकायचा नाही."

"पण तुम्ही पाटी लावलीय!"

"पाटी घेऊन जा," युगेत म्हणाली.

ओदेत ब्यारित्झला गेली नाही. सामान पुन्हा बांधायचा कंटाळा आला, असं ती सांगते. मला वाटलं होतं, आता तरी निवृत्ती मिळेल. पण डिसेंबरात मायतेच्या दुकानात मला पुन्हा भरलं. अठरा. या वयात! डाव्या कोपऱ्यातलं कॉफीचं त्या दोघी आता दरवर्षी आणलेल्या दिवशीच अर्धं-अर्धं खातात, तोंडं वाकडी करत. कॉफी दोघींनाही आवडत नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणी 'मला नको' म्हणत असेल, तर त्याचं ऐकू नका. एक उचला आणि त्याच्या हातावर ठेवा. झाकण मी उघडं धरून ठेवतो. शिवण उसवली तर उसवली.