राखणदाराची ओळख

एवढा धंदा उभा कसा केला, असं सांगलीत कुणी विचारलं, की आर्जव हातातला मोबाइल बाजूला ठेवून लालासाहेबांचं नाव घ्यायचा. सत्काराला उभा राहिला तरी तेच. लोक मनात म्हणायचे, झालं याचं पुराण सुरू. पण त्याचं ते अगदी मनापासून असायचं. सुरुवातीला त्याच्यापाशी एक जुनी मोटरसायकल आणि तोंडभर बोलणं, याखेरीज काही नव्हतं. जमिनीचा एजंट म्हणून कुणी दारात उभं करत नव्हतं. तेव्हा मिलिटरीतून रिटायर झालेल्या लालासाहेबांनी कडेगावजवळची आपली उरलीसुरली जमीन विकायचं काम त्याच्या हाती दिलं.

त्या बाजूला एक रीत आहे. जमीन विकली की जुना मालक नव्या मालकाला बांधावरून फिरवतो, त्याच्या ओंजळीत माती देतो आणि जमिनीच्या अदृश्य राखणदाराला ऐकू जाईल असं सांगतो, की आजपासून हा धनी. त्या दिवशी पुण्याची खरेदीदार मंडळी सह्या झाल्याबरोबर परस्पर निघून गेली.

"तूच हो म्होरं," लालासाहेब म्हणाले. "रीत तर झाली पायजे."

आर्जवने हसत ओंजळ पुढे केली. नुसतं उभं तर राहायचं होतं.

त्यानंतर त्याला मागे वळून बघावं लागलं नाही. साइटवर एकटं गेलेलं गिऱ्हाईक परत येऊन म्हणायचं, तुमच्या त्या म्हाताऱ्यांनी फार छान दाखवले प्लॉट, तुमचं कौतुकही केलं. आर्जवने असा कुणी म्हातारा कामावर ठेवलेलाच नव्हता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला. मग सौदे होत गेले आणि त्याने विचार करायचं सोडून दिलं. फायदा होत असला की माणूस फार चौकशी करत नाही, आणि हा तर पडला एजंट.

यंदा दिवाळीत त्याने नावावरची शेवटची जमीन विकली आणि सगळा पैसा साताऱ्यातल्या फ्लॅटच्या स्कीममध्ये घातला. त्याच आठवड्यात त्याची सहा वर्षांची मुलगी गुणा फाटकाशी अडायला लागली. बाहेर शाळेची गाडी हॉर्न वाजवतेय आणि पोर फाटकाच्या आत खिळल्यासारखी उभी. "आजोबा नको म्हणतायत," एवढंच सांगायची. घरात आजोबा म्हणावं असं कुणी नव्हतं. उचलून बाहेर न्यायला गेलं की अंग ताठ व्हायचं, डोळे फिरायचे. डॉक्टर घरी येऊन गेले, देवाधर्माचं झालं. पोर दिवसभर गजांना धरून रस्त्याकडे बघत राहायची आणि मधूनच मान वर करून शेजारच्या रिकाम्या जागेशी काहीतरी बोलायची. आर्जव पार खचला. लालासाहेब तर केव्हाच वारले होते, म्हणून तो त्यांच्या बायकोकडे, रंगूबाईंकडे गेला.

रंगूबाई पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुज्या नावावर आता जमीन ऱ्हायली न्हाई, व्हय?"

"न्हाई काकी."

"मग तसंच हुनार. राखणदाराचं काम राखायचं. जमीन सपली की त्यो घरातली पोरं राखतो, भाईर जाऊ देत न्हाई. आमी इसार घेतला आन आमची बारकी पोरगी माया उंबरा वलांडंना झाली. तुला बांधावर न्हेलं, आन दुसऱ्या दिवशी पोरगी आपल्या पायानं देवळात गेली."

"आवं, पण ती पुण्याची मंडळी?"

"मालकांनीच त्यास्नी वाटंला लावलं. त्येंच्यासंगं बारकी पोरं हुती. तुजं लगीनबी झालं नव्हतं. मालक म्हनलं, ह्येला काय बाधायचं न्हाई, उलट पोरगं वर यील."

आर्जवला राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली, कारण आजवर खाल्लेला प्रत्येक घास त्या ओंजळीतूनच आला होता. निघताना तो रंगूबाईंच्या पाया पडला. त्यांनी पदर तोंडाला लावला.

ऋषिराज पाटणचा. आर्जवच्या ऑफिसात नुकताच लागलेला, एखादं काम स्वतंत्र द्या म्हणून रोज मागे लागलेला. लग्न झालेलं, मूलबाळ नाही. हे शेवटचं आर्जवने दोनदा विचारून घेतलं. शिवाय गावाकडे घरची शेती आहे, तेव्हा याला धोका नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्याला कडेगावला नेलं, प्लॉटांच्या मागे शिल्लक राहिलेल्या बांधावरून फिरवलं आणि ओंजळीत माती देऊन जे म्हणायचं ते मोठ्याने म्हटलं. वारा नव्हता, तरी मागचा ऊस एका जागी हलला. दादांनी एवढा विश्वास टाकला म्हणून ऋषिराजचे डोळे भरून आले होते.

त्या संध्याकाळी आर्जव घरी आला तेव्हा गुणा फाटकाबाहेर रस्त्यावर सायकल फिरवत होती. त्याने तिला उचललं आणि तो रस्त्यातच रडला.

पुढच्या महिन्यात ऋषिराजचा फोन आला. "दादा, तिसरा सौदा झाला. गिऱ्हाईक आपणहून येतंय. मी पण तुमच्यासारखंच करायचं ठरवलंय, पाटणची शेती काढून सगळं फ्लॅटमध्ये घालतो. आजच इसार घेतला." मग जरा लाजत म्हणाला, "आणि घरात पाळणा हलणार हाय. सगळं तुमच्यामुळं."

गुणा अंगणातून हाक मारत होती. आर्जवने तिच्याकडे पाहिलं, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि ऋषिराजचं अभिनंदन केलं.