पलीकडचं टोक

देवेशने ते व्यायामाचं मशीन हॉलच्या भिंतीत ठोकून घेतलं तेव्हा प्रेमाबाईंनी महिनाभर नाक मुरडलं होतं. बोरीवलीच्या एवढ्याशा घरात माणसांना जागा नाही, त्यात हे लोढणं. बरं, त्याला लोखंडी वजनंही नव्हती, आत नुसती मोटर. पडद्यावर किलोचा आकडा लावायचा, तेवढ्या जोराने ती तार आत खेचणार आणि आपण बाहेर ओढायची. "पैसे देऊन भांडण विकत आणलंस," त्या म्हणाल्या होत्या.

मग देवेश गेला. ऑफिसात, बसल्या खुर्चीत. मशीन राहिलं.

सून अक्षता कामावर गेली की प्रेमाबाई घरात एकट्याच. एका दुपारी धूळ पुसताना कुठेतरी बोट लागलं आणि मशीन चालू झालं. पडद्यावर 'देवेश' हे नाव, खाली त्याचा शेवटचा आकडा, बेचाळीस. त्यांनी तारेची मूठ धरून ओढली. तार जेमतेम वीतभर आली आणि पलीकडून कुणीतरी खेचून घेतली. ती ओढ त्यांच्या ओळखीची होती. चादर पिळताना एक टोक त्यांच्या हातात असायचं, दुसरं त्याच्या. मेला मुद्दाम झटका द्यायचा आणि आईला न्हाणीघरापर्यंत फरफटत नेऊन हसायचा. त्या भिंतीला टेकून रडल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मूठ धरली.

मग रोजच. खांदा भरून आला, वेणी घालायला हात वर जाईना, पण चटक लागली होती. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर तो पीळ विजेवर चालत होता.

हळूहळू तार सैल यायला लागली. पोरगा दमतोय, असं वाटून प्रेमाबाई घाबरल्या. एका दुपारी ती अलगद छातीपर्यंत आली. पडद्यावर अकरा होते.

संध्याकाळी त्यांनी सुनेला दारातच धरलं. "तू मशीनला हात लावलास?"

"मी? मी तिकडे बघत पण नाही, आई." अक्षताने पडदा पाहिला आणि तिच्या ध्यानात आलं. "तुम्ही ओढत होतात? अहो, ते ऑटोवर आहे. ओढणाऱ्याची ताकद बघून वजन कमी करतं. त्याला वाटलं, देवेशच कमजोर झालाय."

प्रेमाबाई मटकन खाली बसल्या. "म्हणजे मीच त्याला पुसून टाकलं."

"मी परत बेचाळीस टाकते ना."

"तू टाकलेला आकडा तुझा. त्याने तो ओढून मिळवला होता."

अक्षताने खांद्यावरची पर्स खाली ठेवली आणि तारेची मूठ धरली. मग म्हणाली, "उठा. आपण पण ओढूनच मिळवू."

त्या दिवसापासून दिवेलागणीला दोघी एकाच मुठीला चार हात लावून ओढू लागल्या. मशीनला ते एकच माणूस वाटत होतं. देवेशच्या नावाखालचा आकडा चढू लागला, आणि जसा चढला तशी तार जड झाली.

एका संध्याकाळी ती निम्म्यावर अडली. मग सावकाश उलटी फिरली. दोघींचे पाय लादीवरून भिंतीकडे घसरू लागले.

"आई, सोडा. खांदा जाईल तुमचा."

"माझो झील, माझो देवेश खेचता गो," प्रेमाबाई मालवणीत म्हणाल्या. "तू सोड आधी."

अक्षताने सोडली नाही. तिनेही त्याला ओळखलं होतं.