बुजवलेल्या विहिरीचं पाणी

प्लासिडने घरची विहीर बुजवून तिच्यावर गाडीसाठी शेड घातली, तेव्हापासून ॲंजेला त्याच्याशी थेट बोलत नसे. काय सांगायचं ते लेकीमार्फत. "जीना, तुज्या बाबाला सांग, कालवन थंड व्हते." बाबा समोरच ताटावर बसलेला असे. आता जीनाचंच लग्न रविवारवर आलं होतं आणि प्लासिडला वेगळाच घोर लागला होता. निरोप पोचवणारीच सासरी गेली की घरात नुसती भांडी वाजणार.

त्यात लग्नाची रीत आडवी आली. आदल्या संध्याकाळी बँड लावून विहिरीवर जायचं, कळशीभर पाणी आणायचं आणि त्याने नवरीला न्हाऊ घालायचं. आळीतल्या बाकीच्या विहिरींवर तर इमारती उभ्या. प्लासिडने भीत भीत बाटलीबंद पाण्याचं नाव काढलं. त्यावर ॲंजेलाने जीनामार्फतसुद्धा उत्तर दिलं नाही.

पण देवाला त्याची दया आली म्हणायची. पाइपलाइनसाठी दारासमोर चर खणताना जुनी जोती, विटा, खापरं निघाली. काम थांबलं आणि पुरातत्त्व खात्याच्या विनया मॅडम चराभोवती दोरी बांधून कामाला लागल्या. हजारेक वर्षांपूर्वीची वस्ती आहे, म्हणाल्या. नळ लांबला म्हणून शेजारीपाजारी बोटं मोडत होते. प्लासिड मात्र चराच्या काठी उकिडवा बसून राही, कारण खाली भाजक्या मातीची कडी एकावर एक रचून केलेली विहीर उघडी पडली होती आणि तिच्यात पाणी चढत होतं.

"मॅडम, एक कळशी पानी द्याल?"

"इथल्या कशालाही हात लावायचा नाही."

"हात कोन लावते? पंप लावून तुमी रोज गटारातच सोडता ना?"

मॅडमनी गटारात सोडलेल्या पाइपकडे एकदा बघितलं. दोरीच्या आत कुणी यायचं नाही, या अटीवर त्या कबूल झाल्या.

शनिवारी बँड वाजवत आळीतल्या बायका आल्या. मॅडमनी स्वतः खाली उतरून कळशी भरली आणि वर ॲंजेलाच्या हातात दिली.

"एवडी चांगली विहीर, बंद कशी पडली?" ॲंजेलाने विचारलं.

"पडली नाही, बुजवलीय. मुद्दाम, विटा आणि फुटकी मडकी टाकून. वर कुणीतरी घराचा ओटा वाढवलेला दिसतो."

बँड थांबला. ॲंजेलाने विहिरीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"म्हंजे तवा पन इथं एक प्लासिड व्हता," ती म्हणाली आणि खो खो हसत सुटली. अख्खी आळी हसली. प्लासिडला त्या हजार वर्षांपूर्वीच्या गड्याची मनापासून कीव आली. त्या बिचाऱ्याला निरोप सांगायला लेक तरी होती की नाही, कोण जाणे.

आता काय निरोप म्हणून जीना सवयीने पुढे झाली. ॲंजेलाने तिला बाजूला सारलं.

"उबे काय ऱ्हायलात? कळशी धरा, जड हाय," ती थेट त्यालाच म्हणाली.

प्लासिड इतका हडबडला, की अर्धं पाणी त्याच्याच नव्या सुटावर सांडलं. मग ॲंजेला जी सुरू झाली, ती घर येईपर्यंत थांबली नाही. शेडपासून सुटापर्यंत सगळं काढलं, तेही थेट त्यालाच. उरलेलं पाणी सांभाळत प्लासिड शब्द न् शब्द ऐकत चालला होता, आणि बँडवाल्यांना त्याने हळू वाजवायला सांगितलं.