अर्ध्या सहीची निब

खालापूरच्या महालकरी कचेरीसमोर हिरामण सोनाराचं ओसरीएवढं दुकान होतं. नथी-बुगड्यांचं काम बेताचंच असे. पण गावात फाउंटन पेनं आली तसं त्याच्याकडे एक नवंच काम येऊ लागलं. मास्तरांचं पेन बाकावरून पडलं, कारकुनाची निब वाकली, की मंडळी त्याच्याकडे येत. सोन्याची निब म्हणजे शेवटी सोनंच, आणि सोन्याला कुठे किती दाबायचं हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. निब सरळ झाली की तो कागदावर नुसते वेढे काढून पाही, एकात एक गुंतलेले. ती त्याची रीतच, असं सगळे समजत.

खरं म्हणजे हिरामणला लिहिता येत नव्हतं. आठव्या वर्षी चुलत्याच्या शेगडीपाशी बसला तो बसलाच. दुकानाची वही धाकटा भाऊ लिही. दुकानाच्या पंधरा वर्षांत हे बाहेर कुणाला कळलं नव्हतं.

सन चौतीसच्या माघात एका दुपारी अर्ज लिहिणारे नाना दिघे तणतणत ओसरीवर चढले. त्यांच्यामागे दहा पावलांवर डोंगरातल्या ठाकरवाडीची एक बाई येऊन उभी राहिली.

"बघ काय केलंन हिनं!" नानांनी पेन पुढे धरलं. निबेच्या दोन्ही पाकळ्या चिमणीच्या चोचीसारख्या फाकल्या होत्या.

बाईचं नाव भागी. नवरा पोशा पावसाळ्यात गेला होता. डोंगरउतारावरची त्याची नाचणीची दळी, म्हणजे जमिनीचा लहानसा तुकडा, आपल्या नावावर व्हावी म्हणून तिने नानांकडून अर्ज लिहून घेतला. अंगठ्यासाठी शाई पुढे केली तर ही म्हणाली, मी नाव लिहिते. नानांना गंमत वाटली, त्यांनी आपलं पेन दिलं. तिने 'भा' काढला, आणि 'गी'ला हात घालताच निब उघडली. कचेरीतली सगळी माणसं हसली.

"आता म्हणत्ये, अर्धं झालंय ते पुरं करीन, अंगठा नाय देणार. कारकून आपला टाक देत नाही. पाचाला कचेरी बंद होईल." नाना वैतागून म्हणाले आणि समोर चहाला गेले.

हिरामणने निब उपसून भिंगाखाली धरली. सोनं चिरलं नव्हतं. त्याने ती पितळेच्या गोल कांडीवर बसवली आणि गुळगुळीत हाडाच्या टोकाने एकेक पाकळी खाली आणू लागला. दाबायचं, थांबायचं, बघायचं. एका वेळी जास्त दाबलं तर सोनं रुसतं. भागी ओसरीच्या कडेला टेकून बघत होती.

"एवढं कसं गं दाबलंस?"

"मी शाळा सारवाया जाते दर शनवारी," ती म्हणाली. "फळ्यावर अक्षरं असत्यात. मास्तरांना इचारलं, माझं नाव कोन्तं? त्यांनी दावलं. मंग सारवताना वल्या शेनात बोटानं काढायची. तितं दाबल्याबगर उठत नाय."

हिरामणचा हात क्षणभर थांबला. मग त्याने पाकळ्यांमधल्या चिरेतून पितळेचा पातळ पत्रा फिरवला, कसोटीच्या दगडावर तेलाचा थेंब टाकून टोक घासलं, निब पेनात बसवली आणि कागदावर वेढे काढले. शाई न तुटता चालली.

"झाली. पण तशीच दाबशील तर पुन्हा फाकेल. हिला ओझं सोसत नाही. हातात धरायची, रेटायची नाही."

"दावा की. माझं नाव काढून दावा, म्हंजी मला कळंल."

हिरामणने पेन धरलं. टोक कागदावर टेकवलं. तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला. 'माझा हात गुंतलाय' म्हणता आलं असतं. असं तो आजवर अनेकदा म्हणाला होता. पण या बाईने कचेरीभर माणसांत हसं करून घेतलं होतं आणि तरी ती आली होती. तिच्यापुढे ते तोंडातून निघेना.

"मला येत नाही," तो हळूच म्हणाला.

"काय नाय येत?"

"लिहायला."

भागीने त्याच्याकडे पाहिलं. ती हसली नाही. "मंग तुमी धरायचं दावा," ती म्हणाली, "मी लिवायचं दावते."

त्याने पेनाचं वरचं टोक दोन बोटांत हलकं धरलं, वजन आपल्याकडे घेतलं. भागीने खाली हात लावला. पहिला 'भा' वाकडा आला. तिसऱ्यांदा कागद न खरवडता अख्खं नाव उमटलं. ते अक्षर कुठून सुरू होतं, कुठे वळतं, हे हिरामणच्या बोटांना वरच्या वर कळत होतं.

नाना आले तेव्हा साडेचार झाले होते. तिघंही कचेरीत गेली. भागीने अर्जावरच्या 'भा'पुढे, शाईच्या डागाशेजारी, 'गी' काढला. कारकुनाने अर्ज उलटसुलट पाहिला आणि शिक्का मारला. चैत्रात दळी तिच्या नावे झाली.

सही झाली त्याच संध्याकाळी, हिरामणने पुन्हा एकदा तपासलेलं पेन परत घेताना नानांनी विचारलं, "वेढे काढून पाहिलेस ना?"

"पाहिले," हिरामण म्हणाला. मग त्याने एक कोरा कागद पुढे केला. "नाना, यावर माझं नाव लिहून द्याल? जरा मोठ्या अक्षरांत. मला गिरवायचंय."

नाना त्याला पंधरा वर्षं ओळखत होते. त्यांनी चष्म्यावरून एकदा त्याच्याकडे पाहिलं. काही विचारावंसं त्यांना वाटलं असणार. पण ते ओसरीवर बसले, कागद गुडघ्यावर घेतला, आणि अर्ज लिहितानाही कधी इतकं सावकाश लिहिलं नसेल इतक्या सावकाश त्यांनी चार अक्षरं काढली.

"'हि'पासून सुरुवात कर," ते म्हणाले. "'ण' जरा त्रास देईल. देऊ दे."