कोरडे हात

“हात दाखवा, जमुनाबाई.”

“घ्या, पाहून घ्या भाऊ. सकायपासून फुलायवर पानी नाई मारलं म्या.”

ग्रंथपाल शेषरावांनी तिचे तळवे उलटसुलट करून पाहिले. कोरडे होते. बारा वर्षांत पहिल्यांदाच. ‘ओल्या हातांनी पुस्तकांस स्पर्श करू नये’ असा नियम वाचनालयाच्या कमिटीनं केला, तेव्हा गावात कायम ओल्या हातांची एकच वाचक होती. दारासमोर फुलं विकणारी, सातवी शिकलेली जमुना. नियम मात्र सर्वांना सारखाच होता.

पुढे कमिटीच्या लक्षात आलं, की कोरड्या हातांचे लोकही पानं उलटतात. मग कपाटाची किल्ली अध्यक्षांनी घरी नेली. तेव्हापासून काचेतून नावं वाचायची. एकही पुस्तक हरवलं नाही. दर मार्चला शेषराव काचेतूनच पुस्तकं मोजत आणि शेऱ्यात ‘सुस्थितीत’ लिहीत. त्याबद्दल त्यांना मिळालेली शालही कपाटातच होती.

आज त्यांचा नोकरीचा शेवटचा दिवस. चार्ज द्यायचा म्हणून किल्ली एका दुपारपुरती हातात आली होती.

“कोनतं पाह्यजे?”

“थे लाल. समुद्रावरचं. बारा वर्सं त्याची पाठच पाहून राहिली मी. आता तोंड पाहू द्या.”

“अध्यक्षाले समजलं त?”

“काय करन? काढून टाकन? तुमी त आजच चाल्ले.”

शेषरावांनी कुलूप काढलं. पुस्तक फारच हलकं निघालं. उघडताच भुरभुर माती सांडली. दोन पुठ्ठे तेवढे शाबूत होते. मधला समुद्र वाळवीनं वाचून संपवला होता. वाळवीला हात दाखवायला कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी शेजारचं काढलं. मग त्याच्या शेजारचं. मग शाल.



“समुद्रात एवढी माती रायते काय, भाऊ?”

शेषरावांनी देवघेवीची वही उघडली. जमुनाचं नाव लिहिलं, पुस्तकाचं लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात सवयीनं ‘सुस्थितीत’ लिहून झालं. ते त्यांनी सावकाश खोडलं.

“कधी वापस करू?”

“नका करू.”

जमुनानं कोरडे हात पुन्हा एकदा पदराला पुसले आणि ते दोन पुठ्ठे छातीशी धरून बाहेर आली. टोपलीत शेवंतीनं माना टाकल्या होत्या. तिनं पाण्याचा तांब्या उचलला, हातांकडं पाहिलं, आणि तसाच खाली ठेवला.