उडी न घेण्याचे दुष्परिणाम

धारगळला हायवेच्या कडेला गोकुळदासचं हार्डवेअरचं दुकान आहे. रविवारी दुपारी ते बंद असतं, आणि मागच्या गोदामात, रंगाचे डबे आणि प्लास्टिकचे पाइप यांच्या मधोमध बसून आम्ही चौघं अंतराळात जातो.

हा उद्योग गोकुळदासच्या पुतण्याचा, गौरेशचा. तो बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये होता. येताना दाढी आणि हा खेळ घेऊन आला. खेळ सोपा आहे. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, आणि पुढे काय होईल ते कळेना झालं की फासा टाकायचा. गोष्ट सांगतो गौरेश. गोकुळदास यानाचा कप्तान, कारण गोदाम त्याचं. तनया कॉलेजात फिजिक्स शिकवते, म्हणून ती वैमानिक. मला काहीच येत नाही, म्हणून मी डॉक्टर.

पोटापाण्यासाठी गौरेश हल्ली जमिनी दाखवतो. पेडण्याचे डोंगर दिल्लीच्या लोकांना दाखवायचे, लोकांना डोंगर आवडतात, मग डोंगर उरत नाही. सगळे दाखवून झाले तेव्हा त्याची नजर घरच्या काजूच्या डोंगरावर गेली. अर्धा वाटा त्याचा, वडिलांच्या मागे आलेला. अर्धा काकाचा. दिल्लीचं गिऱ्हाईक सोमवारी येणार होतं, आणि गोकुळदास विक्रीच्या सहीला हो म्हणत नव्हता, नाही म्हणत नव्हता, दुकानातल्या गिऱ्हाइकांना खिळे मोजून देत होता.

त्याच्या आदल्या दिवसाची ही हकीकत.

यान जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने उडी मारतं तेव्हा आतल्या माणसांवर त्याचे परिणाम होतात. गौरेशने त्याचा तक्ता केला होता. उडीनंतर फासा टाकायचा, जो आकडा येईल तो परिणाम भोगायचा. एक आला तर उलटी.

"त्याका उडी कित्याक?" गोकुळदास म्हणाला. "म्हापशाच्या बशीत बसलं तरी होता."

दोन आला तर सावली तासाभराने मागून येते. तीन आला तर प्रश्नाच्या आधी उत्तर बाहेर पडतं.

"ग्रामसभेसारखं," मी डॉक्टर या नात्याने मत दिलं. "आधी ठराव, मग सभा."

चार आला तर माणूस मातृभाषा विसरतो.

"तेवढ्यासाठी अंतराळात?" तनया म्हणाली. "इंग्रजी बालवाडीत घाला, काम होतं."

गौरेश हसला नाही. त्या दिवशी त्याने नवा परिणाम आणला होता, आणि तो सांगताना त्याचा आवाज बागायतीच्या दलालासारखा गोड झाला. "काका, ही उडी लांबची. यानात फक्त तीन दिवस जातील. पण घरी चाळीस वर्षं होऊन गेलेली असतील."

"असं होतं," तनया म्हणाली. फिजिक्सपुरती ती प्रामाणिक आहे.

"मगे मी परत येतलंय तेव्हा डोंगराचा काय झालेला असतला?" गोकुळदासने विचारलं. कप्तान कुठल्याही ग्रहाचा असो, डोंगर त्याचा धारगळलाच असतो.

"बंगले," गौरेश म्हणाला. "काचेचे. प्रत्येकाला निळा तरणतलाव. खाली कमान, तुमच्या नावाची. गोकुळ हाइट्स."

"सई कोणी केल्यान?"

"तुम्हीच. निघण्याआधी. चाळीस वर्षं नसणार माणूस. मागची व्यवस्था नको लावायला?"

गोकुळदासने फासा उचलला, बघितला, परत ठेवला.

"मगे मी येवचंय नाय. तनयाबाय यान चलयतली. मी डोंगरार बसतंय."

"काका, कप्तानच मागे राहिला तर खेळ कसा व्हायचा? आणि बसून काय होणार? न जाणाऱ्याची पण चाळीस वर्षं जातातच. आमची तीन दिवसांत, तुमची एकेक करून."

"ताच म्हणतंय. एकेक करून जाऊंदेत. टाक फासो."

गौरेशला राग आला, आणि रागावलेल्या गोष्ट सांगणाऱ्याइतका वाईट देव नसतो. पहिल्याच वर्षी त्याने वणवा लावला.

"गवत मी मार्चातच मारून ठेवलेलंय," गोकुळदास म्हणाला. फासा त्याच्या बाजूने पडला. दुसऱ्या वर्षी माकडं आली, तिसऱ्या वर्षी चोर. चौथ्या वर्षी तनयाने यान आकाशात उभं केलं आणि काजू गोळा करायला खाली उतरली. वर परग्रहवासी वाट बघत होते, पण त्यांचा हंगाम काही निघून जात नव्हता. काजूच्या दारूची, हुर्राकाची भट्टी लागल्याचं कळताच डॉक्टरही उतरला. अशा ठिकाणी डॉक्टर हवाच.

सातव्या वर्षी गौरेशने पाऊसच बंद केला. "सगळी झाडं वाळली," तो म्हणाला, आणि फासा टाकला. एक पडला. त्याहून वाईट काही पडू शकत नाही. गोकुळदासने नुसता फाशावर हात ठेवला, जसा आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात.

गौरेश बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिला. मग पुटपुटला, "सगळी नाही वाळणार. वरच्या अंगाला झर आहे. मे महिन्यातसुद्धा कमरेएवढं पाणी. मी पडलो होतो त्यात."

"माका ठावक हा. तुका भायर मीच काढलेलंय."

"गौरेश," तनया म्हणाली, "बंगल्यांच्या परवानगीच्या अर्जात तू काय लिहिलंयस रे?"

"पडीक कातळ. पाणी नाही." तो खाली बघत म्हणाला. "अर्जाची भाषा तशीच असते, बाय."

"म्हणजे झर अर्जात आटली आणि खेळात वाहते. हा परिणाम तुझ्या तक्त्यात कितव्या आकड्यावर?"

आठव्या वर्षाचा फासा गौरेशने कुणी न सांगता टाकला, आणि त्या वर्षी पाऊस चांगला झाला. पाव-भाजी येईपर्यंत आम्ही अकराव्या वर्षात होतो, आणि कलमं लावायची कुठे यावर काका-पुतण्याचं कडाक्याचं भांडण चाललं होतं.

सोमवारी दिल्लीकर आला. पांढरा सदरा, पायात कोल्हापुरी, हातात स्वतःचं पेन. त्याने गोकुळदासला नमस्कार केला आणि कागद काउंटरवर पसरले.

"चालीस साल पूरा होने दो," गोकुळदास शांतपणे म्हणाला. "कल तक ग्यारा हुआ."

दिल्लीकराने गौरेशकडे पाहिलं. या वाक्याचा माणसांच्या भाषेत अर्थ सांगणं हे गौरेशचं काम होतं. गौरेश काकाकडे बघत होता.

"रूल है, सर," शेवटी तो म्हणाला. "लोकल."

दिल्लीकराने समजूतदारपणे मान हलवली. गोव्यात घर घेऊन त्याला दोन वर्षं झाली होती. इथे नियमाचं कारण विचारायचं नसतं, फक्त सूट कोण देतं ते विचारायचं असतं, एवढं तो शिकला होता. पेन खिशात ठेवत त्याने हळू आवाजात विचारलं, सूट देणारे साहेब कुठे बसतात, पणजीला का?

गौरेशने काउंटरकडे बोट दाखवलं. साहेब एका प्लंबरला अर्ध्या इंचाचा पाइप कापून देत होते.